शिबिर नको, पाच वाजताचा खाऊ बघा

इंदूरच्या एका कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या ताईंनी विचारलंय: "आमच्या बालवाडीत तीन ते सहा वर्षांची अडतीस मुलं आहेत. त्यातली सात चांगलीच जाड झाली आहेत, एकाला तर जिना चढला की धाप लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत या सात जणांसाठी वजन कमी करण्याचं पंधरा दिवसांचं शिबिर घ्यायचा विचार आहे. रोज वजन, आहारतक्ता, योगासनं. कसं आखावं? आणि घरोघरच्या आज्या ऐकत नाहीत, त्यांना कसं समजवावं?"

ताई, मी इंदूरमध्ये सव्वीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर आहे. पहिली बारा-तेरा वर्षं फक्त दवाखान्यात बसून पेशंट पाहिले, त्यानंतर वस्त्यांत, अंगणवाड्यांत आणि तुमच्यासारख्या बालवाड्यांत जायला लागले. म्हणून आधीच स्पष्ट सांगते: हे शिबिर घेऊ नका. तुमची तळमळ खरी आहे आणि ती कुठे लावायची तेही सांगते, पण सात मुलं वेगळी काढून नाही.

का नको, ते माझ्या एका चुकीवरून सांगते. वस्तीतलं काम नुकतंच सुरू केलं होतं. एका शाळेत छोट्या गटाची तपासणी ठेवली. मुलं रांगेत, मी काट्यापाशी आणि बाई वही घेऊन लांब बसलेल्या, म्हणून मी आकडा मोठ्याने सांगत होते. पाच वर्षांची एक मुलगी काट्यावर चढली, दोन वेण्या, गुलाबी रिबिनी. मी म्हटलं, "सव्वीस पॉइंट चार." रांगेतल्या मुलांना आकडा कळला नसेल, पण बाईंनी चमकून वर पाहिलं ते सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवसापासून वर्गात तिचं नाव "सव्वीस" पडलं. महिन्याभराने तिची आई दवाखान्यात आली. तक्रार वजनाची नव्हती. मुलगी शाळेत डबाच उघडत नव्हती आणि घरी आल्यावर ओट्याखाली बसून बिस्किटांचा पुडा संपवत होती. त्या दिवसानंतर मी कुठल्याही मुलाचं वजन दुसऱ्या मुलासमोर घेतलेलं नाही.

तुमच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न माझ्या मते असा आहे: अडतीसही मुलं एकाच गल्लीत वाढताहेत, तोच खाऊ खाताहेत, त्याच मोबाइलसमोर जेवताहेत. सात जणांच्या अंगावर ते दिसलं, बाकीच्यांच्या अजून दिसलेलं नाही. आणि "दिसत नाही म्हणजे नाही" हे आपल्याकडे फसवं असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली होती. आपली बाळं वजनाने बरीच कमी, सरासरी 2.7 किलो विरुद्ध 3.5 किलो. पण स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी त्यामानाने टिकलेली. हडकुळं दिसणारं मूलही चरबी साठवण्याची तयारी घेऊनच जन्माला येतं. म्हणून जे काही कराल ते अडतीस जणांसाठी करा. त्यातच त्या सात जणांचंही भलं आहे.

देशभराचा आकडा पाहिलात तर पाच वर्षांखालच्या मुलांत उंचीच्या मानाने वजन जास्त असण्याचं प्रमाण 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2.1 टक्के होतं, 2019-21 च्या पाहणीत 3.4 टक्के झालं. आकडा लहान वाटेल, पण वाढ पाहा. त्याच पाहणीत आपल्या मध्य प्रदेशात पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांत एकापेक्षा जास्त मुलाची उंची वयाच्या मानाने कमी निघाली. म्हणजे एकाच बालवाडीत दोन्ही टोकं असू शकतात. म्हणूनच "मुलांना कमी खायला द्या" हा निरोप मंडळाच्या फलकावर कधीही लिहू नका. जाड मुलाच्या घरी तो कुणी मानणार नाही, आणि अशक्त मुलाच्या घरी तो मानला गेला तर नुकसान होईल.

आता वयाचं गणित. मूल साधारण वर्षाचं असताना गुबगुबीत असतं, मग चालायला-पळायला लागलं की हळूहळू सडसडीत होत जातं आणि पाच-सहा वर्षांच्या आसपास सगळ्यात बारीक दिसतं. त्यानंतर पुन्हा भरायला लागतं. हे भरणं जितक्या लवकर सुरू होईल, तितका पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त. तीन-चार वर्षांचं मूल बारीक व्हायच्या ऐवजी भरत चाललं असेल तर तिथेच लक्ष द्यायला हवं. गंमत अशी, की नेमक्या याच वयात घरातले म्हणतात, "किती वाळला गं, खात नाही का?" आणि तूप-साखरेची पोळी दुप्पट होते. कित्येक घरांत त्रास इथूनच सुरू होतो. मूल निरोगीपणे सडसडीत होत असतं आणि आपण ते दुरुस्त करायला जातो.

या वयाच्या मुलाचं वजन सहसा उतरवायचं नसतं. चार वर्षांच्या मुलाची सर्वसाधारण उंची 103 सेंटिमीटर आणि वजन 16 किलोच्या आसपास असतं, आणि पुढच्या वर्षभरात उंची सहा-सात सेंटिमीटर वाढते. वजन थोडं जास्त असलेल्या मुलाचं वजन वर्षभर फार पुढे सरकलं नाही, तरी उंची ते भरून काढते. पंधरा दिवसांच्या शिबिरात हे होऊच शकत नाही. पंधरा दिवसांत उतरतं ते पाणी आणि मुलाचा स्वतःवरचा विश्वास.

काय करावं हे तुमच्या कॉलनीवर अवलंबून आहे, हे मान्य करते. मोकळी जागा आहे का, बालवाडी किती वाजता सुटते, घरी दुपारी कोण असतं, आई-बाबा दोघंही नोकरीला जातात का, फाटकाशी कुणाचा ठेला आहे. एका कॉलनीत चाललेली गोष्ट दुसरीत चालत नाही. पण एक जागा मला जवळपास सगळीकडे सापडली: संध्याकाळचे पाच.

आपल्या इंदूरच्या पाच वाजता काय होतं ते तुम्ही पाहताच. सेव-परमलची (शेव-कुरमुऱ्यांची) बशी, कोपऱ्यावरून कचोरी किंवा समोसे, कपात बुडवायला बिस्किटं, मुलाच्या हातात चिप्सचं पाकीट किंवा आंब्याच्या रसाचा छोटा डबा. मोठ्यांचा तो चहाचा वेळ, मुलाचा तो जेवणच होतो. मग आठ वाजता मूल वरण-भात खात नाही, म्हणून मोबाइल लावून भरवलं जातं. मोबाइलसमोर बसलेल्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही, आणि घास मोजणारं माणूस ते ओळखू शकत नाही. मग झोपायला अकरा. एका खाऊवरून अख्खी संध्याकाळ घसरते. म्हणून मी आहारतक्ते वाटणं सोडून दिलं. पाच वाजताचा खाऊ बदला, रात्रीचं जेवण पुष्कळदा आपोआप रुळावर येतं.

बदलायचा म्हणजे बंद नाही करायचा. चार वर्षांच्या मुलाला संध्याकाळी भूक लागतेच. उकडलेलं कणीस, पेरूच्या फोडी, मुगाचं धिरडं, थालीपिठाचा चतकोर, दडपे पोहे, ताक, उकडलेल्या हरभऱ्याची वाटी. रोज वेगळं हवं असंही नाही. आणि एक नियम मी सगळ्या घरांना सांगते: काय द्यायचं आणि केव्हा द्यायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं हे मुलाने. "अजून एक घास, काऊचा, चिऊचा" हे आजाऱ्याला ठीक, धडधाकट मुलाला नको.

आज्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून थोडं वाईट वाटलं, कारण माझ्या कामात सर्वांत जास्त साथ मला आज्यांचीच मिळाली. त्यांनी अशी मुलं पाहिली आहेत जी जुलाबाने दोन दिवसांत गेली. तेव्हा गुटगुटीत बाळ खरोखरच जास्त सुरक्षित होतं. त्यांचं शहाणपण त्या काळाचं आहे, चुकीचं नाही. "देऊ नका" म्हटलं की त्या दुखावतात. "तुमच्या हातचं द्या" म्हटलं की पदर खोचतात.

हळदीकुंकवाला मी व्याख्यान देत नाही. टेबलावर साखरेचा डबा, चमचा, एक काचेची वाटी आणि मुलांच्या आवडीच्या आंब्याच्या पेयाचा 200 मिलीचा डबा ठेवते. एखाद्या आजींनाच चष्मा लावून मागचं लेबल वाचायला सांगते. समजा 100 मिलीला 14 ग्रॅम साखर लिहिली आहे. 200 मिलीला 28. चमचाभर साखर पाच ग्रॅम. आजी एकेक चमचा वाटीत टाकतात, बाकीच्या मोजतात: साडेपाच. मग मी सांगते, चार-सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1,360 किलोकॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली सांगितली आणि पाच टक्क्यांखाली ठेवली तर अधिक चांगलं असं म्हटलं. पाच टक्के म्हणजे दिवसभरात तीन-साडेतीन चमचे. वाटीत साडेपाच दिसत असतात. गेल्या वर्षी एका आजींनी ती वाटी हातात घेऊन शेजारणीला दाखवली आणि म्हणाल्या, "एवढी तर मी चौघांच्या शिऱ्याला घालते." त्यांच्या घरी ते पेय पुन्हा आलं नाही, असं त्यांच्या सुनेने नंतर सांगितलं. मी काहीच समजावलं नव्हतं. दोन वर्षांखालच्या बाळाला तर वरून साखर नकोच, हेही तिथेच सांगून टाका. आणि याच वयाच्या बाळांचं दूध-तूप मात्र कमी करू नका.

दुसरी जागा खेळाची. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून तीन तास हालचाल करावी, त्यातला एक तास दम लागेल अशी, पडद्यासमोर एका तासाहून जास्त नाही, आणि झोप दहा ते तेरा तास, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय. पाच वर्षांखालच्या मुलाला योगासनांचा वर्ग नको, पळायला जागा हवी. आपल्या कॉलन्यांमध्ये बगीचा असतो पण "खेळण्यास मनाई" असते, आणि रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. ज्या कॉलनीत मी सहा-सात वर्षं जाते आहे तिथे मंडळाने एवढंच केलं: एका गल्लीत साडेपाच ते साडेसहा गाड्या लावायच्या नाहीत, दोन्ही टोकांना बाक आडवे. मे महिन्यात ऊन फार, तेव्हा वेळ साडेसहा ते साडेसात. शिकवणारं कुणी नाही. शिवाशिवी, लंगडी, विषामृत, आणि मोठी मुलं असली की सितोलिया, म्हणजे आपली लगोरी. पहिले पंधरा दिवस भांडणं झाली, एका काकांनी गाडी हलवायला नकार दिला. मग त्यांचीच नात खेळायला यायला लागली. बाकावर आळीपाळीने एक आजोबा बसतात. धाप लागणारा तुमचा तो मुलगा अशा गल्लीत कुणालाही वेगळा दिसणार नाही, सगळेच धापा टाकत असतील.

इंदूरची माणसं ऐकत नाहीत हे मला पटत नाही. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे याच शहराने अंगवळणी पाडून घेतलं आणि 2017 पासून स्वच्छतेत सलग अनेक वर्षं देशात पहिलं राहिलं. ते फक्त भाषणांनी झालेलं नाही. गाडी रोज ठरलेल्या वेळी दारात आली, शेजारच्यांच्या बादल्या दिसत होत्या, आणि घरातली लहान मुलंच मोठ्यांना टोकायला लागली. तुमच्या कामालाही हेच तीन धागे लागतील: ठरलेली वेळ, सगळ्यांना दिसणारी गोष्ट आणि मुलांचा सहभाग.

त्या सुक्या कचऱ्याचाच उपयोग करा. काम होतंय की नाही हे मोजायला मुलांना काट्यावर चढवू नका, पाकिटं मोजा. बालवाडीच्या सुक्या कचऱ्यात एका आठवड्यात चिप्स, बिस्किटं, कुरकुरीत नमकीन आणि गोड पेयांची किती वेष्टणं पडली ते वहीत लिहून ठेवा. कुणाच्या डब्यातलं ते लिहायचं नाही, फक्त एकूण आकडा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. एका बालवाडीत पहिल्या आठवड्याला 112 निघाली होती, चौथ्या महिन्यात 31. तो आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यात कुणाची मान खाली गेली नाही.

फाटकावरचा ठेलेवाला शत्रू नाही. 2020 च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे. पण मी कायदा घेऊन कधी गेले नाही. एका ठेलेवाल्या भैयांना फक्त एवढं म्हटलं, की बालवाडी सुटते त्या वेळी काकडी, पेरू, उकडलेला हरभरा पुढे मांडा आणि पाकिटांच्या माळा मागच्या बाजूला लटकवा. मुलं डोळ्यांसमोर असेल ते मागतात. पहिल्या आठवड्याचा माल मंडळाने विकत घेतला, म्हणजे त्यांचं नुकसान झालं नाही. आता ते स्वतःहून कापलेला पेरू आणतात.

असं गावभर काम करून फरक पडतो का? ऑस्ट्रेलियात जिलाँग शहरात 2004 ते 2008 या काळात पाच वर्षांखालच्या सुमारे बारा हजार मुलांसाठी असंच केलं गेलं. पाळणाघरं, बालवाड्या, परिचारिका, नगरपालिका सगळे मिळून, गोड पेयांऐवजी पाणी, पाकिटांऐवजी फळं-भाज्या आणि जास्त खेळ. शेवटी दोन आणि साडेतीन वर्षांच्या मुलांमध्ये जास्त वजनाचं प्रमाण राज्याच्या इतर भागांपेक्षा कमी निघालं. फरक प्रचंड नव्हता, पण एकाही मुलाला वेगळं न काढता तो मिळाला होता, आणि त्याला चार वर्षं लागली. तुम्हीही तेवढीच मुदत मनात धरा.

मग त्या सात मुलांचं काय? त्यांच्याकडे लक्ष द्यायचं, पण बालवाडीत नाही. अडतीसही पालकांना सारखीच चिठ्ठी द्या, की वर्षातून दोनदा मुलाची उंची आणि वजन अंगणवाडीत किंवा आपल्या डॉक्टरांकडे नोंदवा. पाच वर्षांपर्यंत वजन उंचीच्या मानाने पाहतात. त्यासाठी वापरतात ते जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते 2006 चे आहेत आणि ज्या सहा देशांतल्या मुलांवरून ते बनले त्यात दिल्लीची मुलंही होती, म्हणून "आपली मुलं वेगळी" ही शंका नको. पाचच्या पुढे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 2015 चे तक्ते आहेत. काही खुणा मात्र लगेच डॉक्टरांना दाखवायच्या. वजन वाढतंय पण उंची अडली आहे, मानेवर काळा मखमली पट्टा दिसतोय, झोपेत घोरताना श्वास थांबतो, पाय धनुष्यासारखे वाकताहेत, किंवा वर्षाच्या आतच भूक न शमणारी झाली आहे. जिना चढताना धापणाऱ्या तुमच्या मुलाला वजनाचं नाव न घेता आधी तपासून घ्या. दमा असू शकतो, रक्त कमी असू शकतं. सगळं जाडीच्या माथी मारू नये.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर संक्रांत महिन्यावर आली आहे. बोरन्हाण बालवाडीत करत असालच. हल्ली मुलाच्या डोक्यावरून चॉकलेटं, गोळ्या, छोटी चिप्सची पाकिटं ओतली जातात, आणि वेचून नेलेली पिशवी आठवडाभर पुरते. या वर्षी सगळ्या आज्यांना एकत्र बसवून पूर्वीचं बोरन्हाण करायला सांगा: बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, हलव्याचे थोडे दाणे. यादी त्याच करतील, तुम्ही फक्त विचारा. घाटे सोलायला चारच्या पुढच्या मुलांना चटईवर बसवा, अर्धा तास तिथून कुणी उठत नाही. एवढी काळजी घ्या, की चार वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे, घाट्यांतले कच्चे हरभरे, हलव्याचे दाणे किंवा बी असलेली बोरं देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. त्यांच्यासाठी बोरं बी काढून, फोडी करून वेगळ्या वाटीत ठेवा, आणि ओतायला फक्त चुरमुरे घ्या.